समुद्री टँकमधली मारामारी खाण्यावरून नसते, या चुका टाळा

जळगावात बसून खाऱ्या पाण्याचा टँक ठेवतो म्हटलं की लोक हसतात, समुद्र कुठे नि आपण कुठे. पण ठेवणारे आहेत भाऊ, आणि तक्रार एकच, नवीन मासा आणला की दोन दिवसात शेपटी कुरतडलेली. मग लोक खाणं वाढवतात. तिथेच चुकतं, भांडण कपारीचं असतं, जास्त खाण्याने फक्त पाणी नासतं.

मी स्वस्त आणि काटक म्हणून डॅमसेल हा छोटा समुद्री मासा सगळ्यात आधी सोडला, त्याने एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तशी एकुलती एक गुहा धरली आणि नंतरचा क्लाउनफिश बिचारा फिल्टरच्या पाइपमागे. भांडकुदळ मासा शेवटी सोडायचा. आधीच सोडला असेल तर नवा टाकायच्या अगोदर दगड हलवून वेगळे मांडा आणि लाइट बंद ठेवा, जुन्याची हद्द मोडते, सगळेच नव्याने जागा शोधतात.

गुहा माशांपेक्षा दोन-तीन जास्तच ठेवा, आणि दोन तोंडांच्या, नाहीतर आतला कोंडून मार खातो. पीव्हीसीचे तुकडे, सिरॅमिकचे दगड चालतात. खरं पोवळं नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे.

मे महिन्यात गडबड होते. सगळेच मासे वर येऊन धापा टाकत असतील तर ते भांडण नाही, आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत पाणी तापून ऑक्सिजन कमी झालाय, पाण्यावर पंखा लावा, आणि उडालेलं पाणी भरताना साधं आरओचं भरा, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. एकच मासा कोपऱ्यात वर लटकलाय? त्याला हाकललंय.

लायनफिश तर आणूच नका, तोंडात मावेल ते गिळतो, वर विषारी काटे. कंटाळा आला म्हणून बाहेर समुद्रात सोडायचाही नाही. मूळचा हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला, १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला, शौकिनांनीच सोडला असं मानतात, आता बहामापासून कॅरिबियनभर पसरलाय. दिवसा ज्या कपारीत तो बसतो त्याच तिथल्या नॅसाउ ग्रूपरला पाहिजे असतात (कोकणातल्या हेकरूचा भाऊबंद). आणि समुद्रात दगड हलवून मांडायला कोण जाणार?

मेहरुण तलावात समुद्री मासा मरेलच, पण गोड्या पाण्यातला सकर (टँकची काच चाटणारा मासा) मस्त जगतो, तोही सोडू नका. दुकानात परत द्या. माझा डॅमसेल तसाच दिला, पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले, दीड तास गेला.