लीड येते, पण यादीत पोहोचत नाही: लॅम्डावर मार्केटिंगची जोडणी करताना या चुका टाळा

मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) जाहिरातीवर कुणी फॉर्म भरला की त्याचं नाव आणि ईमेल, म्हणजेच लीड, मेलचिंप या ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या यादीत आपोआप जावी, एवढीच मागणी असते. त्यासाठी एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउडमधलं लॅम्डा (गरजेपुरताच कोड चालवणारी सेवा) आणि बाहेरच्या विनंत्या त्या कोडपर्यंत पोहोचवणारा एपीआय गेटवे निवडणं योग्यच आहे. दिवसाला मोजक्या लीड येत असतील तर चोवीस तास सर्व्हर चालू ठेवण्यात अर्थ नाही. मात्र ही जोडणी बिघडली तर ते लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. जाहिरातीचे पैसे कापले जात राहतात, लोक फॉर्म भरत राहतात आणि फोन करणाऱ्यांपर्यंत कुणाचंच नाव पोहोचत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वेबहुक (नवी लीड आल्याची मेटाकडून आपोआप येणारी सूचना) आला की त्याच फंक्शनमध्ये सगळं उरकायला जाणं. मेटाच्या लीड वेबहुकमध्ये माणसाचं नाव नसतंच, फक्त लीडचा आयडी असतो. नाव-फोन हवा तर मेटाच्या ग्राफ एपीआयकडे (डेटा मागण्याची सोय) वेगळी विनंती करावी लागते. त्यानंतर मेलचिंप, आणि बऱ्याच ठिकाणी वर गूगल शीटही. लॅम्डाचा मूळ टाइमआउट (फंक्शनला मिळणारा जास्तीत जास्त वेळ) ३ सेकंदांचा. या तिघांपैकी एकानं जरी उत्तर द्यायला वेळ लावला तरी फंक्शन मध्येच तुटतं. मेटाला २०० (‘मिळालं’ असं सांगणारा कोड) मिळत नाही, म्हणून ती तोच वेबहुक पुन्हा पाठवते. मग मेलचिंपमध्ये नोंद आहे आणि शीटमध्ये नाही, असा घोळ सुरू होतो. लॅम्डाचा टाइमआउट १५ मिनिटांपर्यंत वाढवता येतो, पण एपीआय गेटवे एरवी अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरच वाट पाहणं सोडतो. काहीजण आधी २०० देऊन उरलेलं काम मागे चालू ठेवू पाहतात. तेही चालत नाही, कारण नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) हँडलरनं, म्हणजे फंक्शनच्या मुख्य कोडनं, उत्तर परत केलं की लॅम्डा ते वातावरण गोठवतं आणि अर्धवट राहिलेली विनंती तशीच लटकते.

म्हणून दोन फंक्शन करा. पहिल्यानं सही (वेबहुक खरंच मेटाकडून आल्याची खूण) तपासायची, आयडी एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या सेवेतल्या संदेशांच्या रांगेत टाकायचा आणि २०० देऊन मोकळं व्हायचं. दुसऱ्यानं रांगेतून उचलून पुढचं काम करायचं. ते फसलं तर संदेश रांगेत पुन्हा दिसतो, आणि ठरवलेल्या वेळा फसला की डेड लेटर क्यूमध्ये (फसलेल्या संदेशांची वेगळी रांग) जाऊन पडतो. त्या क्यूवर अलार्म लावाच. मेटाकडून लीड ९० दिवस परत मिळवता येते, त्यामुळे वेळेत कळलं तर काहीच हरवत नाही. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला संदेश रांगेत लपलेला राहण्याचा वेळ) फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवा, ही एडब्ल्यूएसचीच शिफारस आहे. तो कमी पडला तर पहिलं काम चालू असतानाच तोच संदेश दुसऱ्यांदा उचलला जातो.

एसक्यूएसची साधी रांग एखादा संदेश दोनदा देऊ शकते, हे धरूनच कोड लिहा. मेलचिंपमध्ये नवी नोंद करणाऱ्या पोस्ट विनंतीऐवजी, असलेली नोंद सुधारणारी किंवा नसल्यास नवी करणारी पुट वापरा. ईमेल लहान अक्षरांत करून त्याचा एमडी५ हॅश (ईमेलवरून निघणारा ठराविक संकेत) विनंतीच्या पत्त्यात द्यायचा, म्हणजे तीच व्यक्ती पुन्हा आली तरी जुनीच नोंद सुधारली जाते. इथे ‘स्टेटस’ न पाठवता ‘स्टेटस इफ न्यू’ (फक्त नव्या नोंदीला लागू होणारी सदस्यत्वाची स्थिती) पाठवा. नाहीतर ज्यानं स्वतःहून यादी सोडली, त्याला आपण परत ओढून आणतो. मला ही चूक तांत्रिक बिघाडापेक्षा गंभीर वाटते.

वेबहुक जोडला जात नाही किंवा सही जुळत नाही

वेबहुक जोडताना मेटा आधी गेट प्रकारची विनंती पाठवून आपला पत्ता तपासते. गेटवेत फक्त पोस्टचा मार्ग केला असेल तर ही तपासणी तिथेच अडते. त्या विनंतीत आलेला चॅलेंज (मेटानं तपासणीसाठी पाठवलेला मजकूर) साध्या मजकुरात जसाच्या तसा परत करायचा, जेसन या डेटाच्या मांडणीत गुंडाळून नाही. तपासणी पार पडूनही लीड येत नसेल तर ॲप अजून डेव्हलपमेंट मोडमध्ये आहे का आणि पेज त्या ॲपशी सबस्क्राइब केलंय का, ते आधी पाहा. सही नेहमी मूळ बॉडीवर (विनंतीतला मजकूर) काढा. पार्स करून पुन्हा स्ट्रिंग केलेल्या बॉडीत एखादी मोकळी जागा बदलली तरी सही जुळत नाही. गेटवेनं बॉडी बेस६४ (अक्षर-अंकांचा संकेत) करून दिली असेल तर आधी ती उलगडा.

इंग्रजी नावं जातात, मराठी अडतात

चाचणीत सगळं ठीक चालतं, कारण चाचणीतली नावं रोमन असतात. खऱ्या फॉर्ममध्ये कुणी देवनागरीत ‘संजय’ लिहितं आणि समोरून जेसन चुकीचं असल्याचा निरोप येतो. कंटेंट-लेंग्थ (मजकूर किती बाइटचा ते विनंतीत सांगणारा आकडा) हाताने भरताना स्ट्रिंगची लांबी घेतली की हे होतं. जावास्क्रिप्टच्या लेखी ‘संजय’ची लांबी ४, पण यूटीएफ-८ मध्ये तो १२ बाइटचा. शेवटचे बाइट कापले जातात आणि जेसनचा बंद होणारा कंसही त्यांच्यासोबत जातो. लांबी बाइटमध्ये मोजा, किंवा हे काम फेचवर (जावास्क्रिप्टमधली विनंती पाठवण्याची सोय) सोपवा. चाचणीच्या नोंदींत दोन-चार मराठी नावं कायमची ठेवा.

डिप्लॉय झाल्यावर

मॅकवर बांधलेलं नेटिव्ह मॉड्यूल (ठराविक यंत्रप्रणालीसाठीच तयार होणारा कोड) लॅम्डाच्या लिनक्सवर चालत नाही. फंक्शन व्हीपीसीत (एडब्ल्यूएसमधलं खासगी नेटवर्क) टाकलं आणि नॅट गेटवे (तिथून इंटरनेटवर जायची वाट) दिला नाही तर बाहेरचा कोणताही एपीआय गाठता येत नाही, लॉगमध्ये नुसता टाइमआउट दिसतो. सुरळीत चाललेली जोडणी दोनेक महिन्यांनी एकदम थांबली तर टोकन (मेटाकडून डेटा मागायची किल्ली) पाहा. मेटाचं दीर्घ मुदतीचं यूजर टोकन साधारण ६० दिवसांचं असतं. कायमच्या कामासाठी सिस्टिम यूजरचं (माणसाऐवजी सॉफ्टवेअरसाठीचं मेटाचं खातं) टोकन घ्या आणि ते कोडमध्ये न ठेवता एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा.

क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेतले लॉग मुदत न लावल्यास कायम राहतात. पूर्ण बॉडी छापत असाल तर लोकांचे फोन नंबर तिथे साठत जातात. लॉगमध्ये फक्त लीडचा आयडी लिहा आणि मुदत दोन आठवड्यांची ठेवा. बिघाड शोधायला तेवढं पुरतं.