ड्रेंथमधलं घर आणि शेडवरचे पत्रे

नेदरलँड्सच्या ड्रेंथ प्रांतातल्या एका खेड्यात घर पसंत पडलं. मागे शेत, मुलांची शाळा सायकलच्या अंतरावर. पण आवारातल्या जुन्या शेडवर करडे, शेवाळलेले सिमेंटचे पत्रे होते. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस हा आरोग्याला घातक तंतू असू शकतो. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून त्यावर बंदी आहे, आणि शेड त्याआधीची. सही केल्यावर खरेदीदाराला तीन दिवसांत माघार घेता येते, पण तेवढ्यात तपासणी उरकणं कठीण. म्हणून करारातच बांधकाम तपासणीची अट घालून घेतली. फार मोलाची ठरली ती! ॲस्बेस्टॉस निघालंच. स्क्रूने बसवलेले पत्रे ३५ चौरस मीटरपर्यंत असतील तर नगरपालिकेला कळवून घरमालकाला स्वतः काढता येतात. आमचे त्याहून जास्त होते, म्हणजे परवानाधारक कंपनीच हवी. ताब्याआधी विकणाऱ्यांनीच ते काढून द्यायचे, असं पुरवणी करारात लिहून घेतलं. आता तिथे कौलं आहेत.