चौथा चिमटा बॅटरीला लावू नका : बॅटरी उतरलेली गाडी जंप स्टार्ट कशी करावी

जंप स्टार्ट म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीची वीज केबलने घेऊन आपली बंद गाडी सुरू करणं. त्या केबलला चार चिमटे असतात. त्यातले तीन कुठे लावायचे हे बहुतेकांना माहीत असतं. चौथा मात्र सर्रास चुकीच्या जागी, उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर लागतो. गाडी तशीही सुरू होते, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. हा लेख मी मुख्यतः त्या चौथ्या चिमट्यासाठी लिहितोय.

मागच्या गणपतीत आम्ही रेल्वेने कोकणात गेलो. मुक्काम लांबला आणि गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये अठरा दिवस उभी राहिली. परत आल्यावर किल्ली फिरवली तर नुसतं टकटकटक. शेजारचे काका मदतीला केबल घेऊन आले आणि सवयीने शेवटचा काळा चिमटा थेट बॅटरीवर टेकवायला निघाले. मी त्यांना थांबवलं. का, ते पुढे येईलच.

आधी खात्री करा

गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरीच गेली असं नाही. आवाज ऐका. सेल्फ मारल्यावर भराभर टकटक होत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे. एकच ठक् आवाज आला आणि दिवे लख्ख राहिले, तर दोष बहुधा स्टार्टर मोटरचा किंवा सैल टर्मिनलचा (बॅटरीवर वायर जिथे जोडतात ते टोक). अशा वेळी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून पाहा. हललं तर दहाच्या पान्ह्याने घट्ट करा, कित्येकदा काम तिथेच होतं. आणि इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी ठणठणीत आहे. जंप देऊन उपयोग नाही, मेकॅनिकलाच बोलवा.

जंप कधी द्यायचाच नाही

बॅटरीचा डबा फुगलेला, तडकलेला किंवा गळका असेल, जवळ गेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर हातातली केबल खाली ठेवा. ती बॅटरी बदलायचीच आहे. हिवाळ्यात लडाख-स्पितीच्या बाजूला गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट : उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण गोठू शकतं, कारण त्यात ॲसिड कमी आणि पाणी जास्त उरलेलं असतं. गोठलेल्या बॅटरीला जंप देणं फार धोक्याचं.

दुसरा धोका हायवेवरचा. कसाऱ्याच्या किंवा खंबाटकी घाटात गाडी अडकली की ट्रकवाले मनापासून मदतीला थांबतात. पण मोठ्या ट्रक आणि बसची यंत्रणा 24 व्होल्टची असते, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली. आपली कार 12 व्होल्टची. तिला 24 व्होल्ट लावले तर इंजिनचा कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टिम, एअरबॅगचं मॉड्यूल क्षणात जळू शकतं. ट्रकवाल्या दादांचे आभार माना आणि दुसऱ्या कारची वाट पाहा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक कार मदतीला आली, तर तिचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय तिच्याकडून जंप घेऊ नका. त्या गाड्यांमधली छोटी 12 व्होल्टची बॅटरी दुसरं इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली नसते.

केबल

सिग्नलवर आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त केबलींवर रबर जाड आणि आत तार बारीक असते. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर, डिझेल गाडीत त्याहून जास्त करंट लागतो. बारीक तार तो वाहून नेऊ शकत नाही, उलट तापते आणि वितळते. पेट्रोल कारसाठी किमान 16 चौरस मिलिमीटर आणि डिझेलसाठी 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. दोन-अडीच मीटर लांबी पुरते.

जोडणी

दोन्ही गाड्या अशा उभ्या करा की केबल पोचेल, पण गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत. दोन्ही गाड्या बंद, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी. दिवे, एसी, पंखा, म्युझिक बंद. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी खिशात ठेवा आणि एक काच खाली करा. वीज परत आल्यावर काही गाड्या स्वतःच लॉक होतात.

हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. ओढणी, पदर खोचून घ्या. प्लस टर्मिनल आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये सोन्याची अंगठी आली तर ती लाल होईपर्यंत तापते, आणि बोटातून पटकन निघतही नाही. चष्मा असेल तर लावा.

आता टर्मिनलवरची + आणि − ही चिन्हं शोधा. तारेच्या रंगावर विसंबू नका. गॅरेजमध्ये कधीतरी वायर बदलताना काळीच्या जागी लाल लागलेली मी पाहिली आहे. चिन्हावर मळ असेल तर पुसा, टॉर्च मारा, पण खात्री करा. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांना बॉनेटखाली जंपसाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात, ते वापरा.

1. लाल केबलचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.

2. लाल केबलचा दुसरा चिमटा चांगल्या बॅटरीच्या प्लसला. तोवर हे टोक कशालाही टेकू देऊ नका.

3. काळ्या केबलचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. नव्या गाड्यांमध्ये मायनसवर छोटा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा त्या सेन्सरवर लावू नका, बॉडी-अर्थच्या, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या लोखंडाला जिथे जोडलेली असते त्या बोल्टवर लावा.

4. आता चौथा. काळ्या केबलचं उरलेलं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या जाड, रंग न दिलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून हातभर तरी दूर. इंजिन उचलण्यासाठी दिलेला हूक किंवा मोठा बोल्ट उत्तम. पट्टा, पंखा आणि पेट्रोलचे पाइप जवळ नकोत.

हे एवढं का, ते नीट समजून घ्या. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत हा वायू 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि बॅटरीच्या झाकणांभोवतीच तो साचतो. सर्किट पूर्ण होतं ते शेवटच्या चिमट्याने, त्यामुळे ठिणगी उडते ती तिथेच. ती बॅटरीच्या डोक्यावर उडवायची की हातभर लांब, एवढाच प्रश्न आहे. दहापैकी नऊ वेळा काही होणार नाही. दहाव्या वेळी डबा फुटून सल्फ्युरिक ॲसिड वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर उडेल. काकांना मी यासाठीच थांबवलं. शिवाय स्टार्टर मोटर इंजिनवरच बसवलेली असते, त्यामुळे इंजिनवरचं अर्थिंग तिला चांगलंच मिळतं. आपलं काहीही नुकसान होत नाही.

ॲसिड उडालंच तर डोळा किंवा त्वचा भरपूर साध्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि तसंच डॉक्टरकडे जा. सोडा, दूध, तेल डोळ्यात घालू नका. गाडीत पाण्याची एक मोठी बाटली म्हणूनच असावी.

जोडणी झाली की चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू राहू द्या. मग बंद गाडीला सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. झाली नाही तर मिनिटभर थांबून पुन्हा. तीन-चार प्रयत्नांनी जमलं नाही तर थांबा. बॅटरी कामातून गेली आहे किंवा दोष दुसरा आहे. केबल हाताला गरम लागली तरीही थांबा.

सुरू झाल्यावर घाईने चिमटे उपटू नका. दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, सुरू झालेल्या गाडीचा एसीचा पंखा लावा, म्हणजे चिमटा काढताना व्होल्टेजची उसळी आली तर ती त्यात जिरते. मग उलट क्रमाने काढा : आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग तिचाच लाल, शेवटी आपल्या बॅटरीचा लाल. काढलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

धक्का मारावा का?

गिअरची पेट्रोल गाडी, सपाट आणि मोकळा रस्ता, बॅटरीत थोडा जीव, एवढं जमून आलं तर दुसऱ्या गिअरवर धक्का चालतो. मी तो शेवटचा उपाय मानतो. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि एक-दोनदा पाय दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. उतारावर तर हा प्रयोग करूच नका. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. आणि बॅटरी पार संपली असेल, तर नव्या गाडीचा पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरही चालत नाही, मग कितीही माणसं लावा.

जंपनंतर

पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी बंद करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा. जागेवर दहा मिनिटं रेस देऊन बॅटरी भरत नाही. खरं तर अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं. रिकामी बॅटरी भरायला चार्जरच हवा. बॅटरीच्या दुकानात ती रात्रभर चार्जिंगला लावून द्या. 35 अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी चार अँपिअरने भरायला नऊ-दहा तास लागतात. हे टाळू नका, कारण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. बॅटरी लगेच भरली तर ते विरघळतं, तसंच राहिलं तर कडक होतं आणि तेवढी प्लेट कायमची निकामी.

घरात एक साधा मल्टिमीटर असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. 12.6 व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू करून मोजल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. इंजिन चालू असूनही काटा 12.3च्या आसपास अडला, हेडलाइट लावल्यावरही वर गेला नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. अल्टरनेटर तिला भरतच नाहीये.

उतरली कशाने?

हे शोधल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. तीही उतरेल. बंद गाडीसुद्धा घड्याळ, लॉक, अलार्म यांसाठी 20 ते 50 मिलिअँपिअर पीत असते. 40 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सुमारे 1 अँपिअर-अवर. म्हणजे 35च्या बॅटरीतून तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त जातं. माझ्या गाडीत त्यावर पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम होता. तो 200 मिलिअँपिअर घेत होता, दिवसाला 4.8 अँपिअर-अवर. आठवड्यातच बॅटरी संपली असणार. फिटिंग करणाऱ्याने व्होल्टेज कमी झाल्यावर कॅमेरा तोडणारा कट-ऑफ बसवलाच नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. आता तो बसवून घेतला आहे. बाहेरून लावलेले हॉर्न, दिवे, जीपीएस हेही असेच तपासा. डिकीचा दिवा बंद होतो का, ते मोबाइलचा कॅमेरा आत ठेवून, डिकी लावून पाहता येतं.

रोज दोन किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढीच फेरी असेल तर सेल्फने घेतलेलंही भरून येत नाही. आठवड्यातून एकदा तासभर गाडी बाहेर काढा.

बॅटरीचा मोठा शत्रू ऊन आहे. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून आपण थंडीला बोल लावतो, पण नुकसान उन्हाळ्यात झालेलं असतं. तापमान वाढलं की आतली झीज वाढते आणि पाणी उडतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या 45 अंशांत उघड्यावर उभी राहणारी गाडी नाशिकच्या गाडीपेक्षा आधी बॅटरी मागते. तीन वर्षांपुढची बॅटरी दर उन्हाळ्याच्या शेवटी तपासून घ्या.

झाकणाची बॅटरी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहा, प्लेटा उघड्या पडू देऊ नका. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, आरओचं, एसीतून ठिबकणारं पाणी नको. ॲसिड तर कधीच घालायचं नसतं, उडून जातं ते पाणीच.

कोकण किनाऱ्यावर, मुंबईत खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर धरते. गाडी बंद करून आधी मायनस काढा, मग प्लस. झाकणं घट्ट आहेत ना पाहून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. लावताना आधी प्लस, मग मायनस, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही. मूळची ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीच्या खास प्रकारच्या बॅटऱ्या) असेल तर तशीच घ्या. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, नवीच्या किमतीतून तेवढे पैसे कापून मिळतात. भंगारवाल्याकडे उघड्यावर ती फोडली गेली तर शिसं आणि ॲसिड मातीत जातं.

गावी पंधरा दिवसांहून जास्त जाणार असाल, तर निघताना दहाच्या पान्ह्याने मायनसची वायर सोडवून बाजूला करा. त्याआधी चावी गाडीबाहेर घ्या आणि दार चावीने लागतं का, तेही पाहा. परत आल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागेल. दोन मिनिटांचं काम आहे.