जंगल, वावर, कॉलनी: नागपुरातली झाडं मोजून तुलना कशी करायची

नागपुरात झाडांची तुलना करायची म्हटलं की लोक सरळ प्रजातींची लिस्ट बनवतात, सिव्हिल लाईन्समध्ये इतक्या अन् गोरेवाड्याच्या जंगलात इतक्या, आणि मग बरेचदा शहरच जंगलापेक्षा श्रीमंत दिसतं. दिसणारच, कारण बंगल्यांत अन् आवारांत माणसानं जगभरची झाडं आणून लावली आहेत, गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची. म्हणून नुसत्या लिस्टवर थांबू नका. कोणतं झाड किती, किती जाड, आणि त्याची रोपटी खाली आपोआप उगवून राहिली का, हे तिन्ही पाहिलं तरच तुलनेला अर्थ आहे.

आधी गट पाडा. जंगल म्हणजे गोरेवाडा, सेमिनरी हिल्स. वावरं, त्यातही काटोलकडची संत्र्याची बाग वेगळी अन् कापूस-तुरीचं वावर वेगळं धरा. मग गावठाण, महाल-इतवारीसारखं जुनं शहर, प्लॉट पाडलेल्या कॉलन्या, हिंगण्याची एमआयडीसी. आता एक गोष्ट जी हमखास सुटते ती म्हणजे जमीन: नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि काळी माती, पूर्वेकडे जुना ग्नाइस खडक. सगळं जंगल पश्चिमेचं अन् सगळी वावरं पूर्वेची घेतली तर मातीचा फरक तुम्ही माणसाच्या वापराच्या नावावर टाकाल, म्हणून शक्यतो एकाच बाजूचे प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी आखलेले चौकोनी तुकडे, घ्या नाहीतर प्रत्येक गटात दोन्ही बाजूंचे.

प्लॉट 20 बाय 20 मीटरचा, रस्ता किंवा धुरा (वावराचा बांध) असेल तर 10 बाय 40, म्हणजे क्षेत्रफळ 400 चौरस मीटरच राहतं. जागा आवडीनं निवडू नका. नकाशावर चौकटी आखा अन् चिठ्ठ्या टाका. इतवारीत प्लॉट घरांच्या छपरांवर पडला आणि एकही झाड नाही निघालं तर शून्य लिहा, पुढच्या हिरव्या गल्लीत सरकू नका, तो शून्यच तर जुन्या शहराची खरी गोष्ट सांगतो. जंगलात लेखी परवानगी घेऊनच जा, एकटे जाऊ नका, गोरेवाड्यात बिबटे आहेत. खाजगी आवारात मालकाला विचारा, बहुतेक लोक कौतुकानं झाडं दाखवतात.

बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा, काठीवर खूण करून ठेवली की काम पटापट होतं. साधारण 30 सेंटीमीटरच्या वरचा घेर असेल तर ते झाड धरायचं. त्या उंचीच्या खालीच फाटे फुटले असतील तर प्रत्येक फाटा वेगळा मोजा पण झाड एकच लिहा.

इथे धुऱ्यावरचा पळस नीट पहा. दरवर्षी गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडलेला असतो, खाली खोड चांगलं मांडीएवढं जाड, वरून पाच-सात बारीक फुटवे, त्यातला एकही 30 सेंटीमीटरला पोचत नाही. नियम आंधळेपणानं लावला तर वावरातून पळस गायबच होतो! अशा तोडलेल्या खोडांसाठी वेगळा रकाना ठेवाच.

प्लॉटच्या एका कोपऱ्यात 5 बाय 5 मीटरमध्ये रोपटी मोजा. मला सगळ्यात महत्त्वाचा हाच रकाना वाटतो. रस्त्याकडेच्या मोठ्या कडुनिंबाला पार बुंध्यापर्यंत सिमेंट लागलेलं असतं, निंबोळ्या पडतात अन् झाडून नेल्या जातात, म्हणजे झाड आहे पण त्याच्यामागे कोणी नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा, पानं असतात अन् चिखल नसतो, उन्हाळ्यात साग, मोई, सालई निष्पर्ण झाले की नवख्याला ओळखता येत नाहीत. गुराख्यांना नावं विचारा, पण सोबत शास्त्रीय नाव लिहा, नाहीतर एकाच्या वहीत कहू अन् दुसऱ्याच्या अर्जुन अशी एकाच झाडाची दोन होतात.

हिशोब एक्सेलमध्ये होतो. घेराचा वर्ग भागिले 12.57 केलं की बुंध्याचं क्षेत्रफळ, म्हणून 3 मीटर घेराचा एक वड 1 मीटरच्या नऊ झाडांएवढा भरतो. मग शॅनन इंडेक्स, म्हणजे प्रजाती किती अन् त्यांची झाडं किती सारखी वाटली गेली आहेत हे एका आकड्यात सांगणारं माप: समजा दोन प्लॉटमध्ये 20-20 झाडं अन् पाच-पाच प्रजाती आहेत, पण एकात 16 साग आणि बाकी चार एकेक, दुसऱ्यात प्रत्येकी चार. पहिल्याचा इंडेक्स 0.78, दुसऱ्याचा 1.61, लिस्ट मात्र दोन्हीकडे पाचचीच.

दोन गट किती सारखे हे सोरेनसन इंडेक्सवरून कळतं, सामाईक प्रजातींची दुप्पट भागिले दोन्हीकडच्या प्रजातींची बेरीज. समजा जंगलात 12, कॉलनीत 18, सामाईक 3, तर 6 भागिले 30, म्हणजे 0.2. हाच हिशोब रोपट्यांचा वेगळा करा, आणि देशी-विदेशी असाही वेगळा. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांचं जीपीएस लिहून ठेवा, काही वर्षांनी तिथेच जाऊन तीच झाडं पुन्हा मोजता येतील.