अन्वस्ताचा आलेख वाचताना या चुका टाळा

अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आलेखावरून फलाच्या (फंक्शनच्या) किमती वाचणे आणि त्याचे समीकरण शोधणे हे काम मुळात अवघड नाही. तरीही सोलापुरात अकरावीच्या शिकवण्या घेताना दरवर्षी त्याच त्या चुका उत्तरपत्रिकांत भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेक अज्ञानापेक्षा सीईटीच्या घाईतून झालेल्या असतात.

सर्वांत महागात पडते ते अक्षांवरचे प्रमाण न पाहता चौकोन मोजत सुटणे. एका सराव परीक्षेत मी असा आलेख दिला होता, की ज्यात क्ष-अक्षावर एक चौकोन म्हणजे १ एकक आणि य-अक्षावर एक चौकोन म्हणजे २ एकक होते. शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो तो बिंदू, (१, −४) होता आणि वक्र (३, ४) मधून जात होता. निम्म्याहून अधिक मुलांनी चौकोन मोजून हे बिंदू (१, −२) आणि (३, २) असे वाचले व य = (क्ष − १)² − २ असे देखणे समीकरण लिहून ती मोकळी झाली. पेपर हाती पडताच मोहोळहून एसटीने येणारा एक विद्यार्थी तावातावाने पुढे आला.

"सर, ताळा जुळतोय! क्ष शून्य घेतला की उणे एक येतो, आणि आलेखातही वक्र तिथे एकच चौकोन खाली आहे."

त्याचा ताळा खरोखरच जुळत होता, कारण ज्या चुकीच्या मापाने त्याने समीकरण काढले, त्याच मापाने त्याने तपासणीचा बिंदूही वाचला होता. त्या चौकोनाशेजारी छापलेला आकडा मोठ्याने वाचायला लावल्यावर "उणे दोन" एवढेच तो पुटपुटला. खरे समीकरण य = २(क्ष − १)² − ४ असे होते. आपल्याकडे चादरीची जेकार्ड नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवणारा कारागीरसुद्धा एक चौकोन किती धाग्यांचा हे ठरवल्याशिवाय पुढे जात नाही. मग गणिताच्या विद्यार्थ्याला कसली एवढी घाई? माझी स्वतःची सवय अशी, की वक्राकडे पाहण्याआधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचायचे आणि निवडलेल्या प्रत्येक बिंदूशेजारी त्याचे निर्देशक पेन्सिलीने लिहायचे.

दुसरी चूक फ(४) आणि फ(क्ष) = ४ यांची गल्लत करण्याची. फ(४) विचारले असता क्ष-अक्षावरील ४ पासून उभे जायचे असते; फ(क्ष) = ४ विचारले असता य-अक्षावरील ४ पासून आडवे. वरच्याच आलेखात फ(क्ष) = ४ ची उत्तरे −१ आणि ३ अशी दोन येतात, तर फ(४) ही किंमत १४ आहे, आणि ती त्या कागदावर मावलीही नव्हती. एक उत्तर मिळाले की लेखणी खाली ठेवणारे दुसरे हमखास गमावतात.

शिरोबिंदू मिळाला म्हणजे समीकरण मिळाले, असे समजून अ ची किंमत १ धरणाऱ्यांना माझ्याकडे गुण मिळत नाहीत. य = अ(क्ष − ह)² + क या रूपात (ह, क) हा शिरोबिंदू असला, तरी अ साठी वक्रावरचा आणखी एक बिंदू घ्यावाच लागतो. शिरोबिंदूपासून बाजूला १ एकक सरकल्यावर वक्र किती एकके चढतो किंवा उतरतो ते पाहा: चढला तर अ धन, उतरला तर ऋण. मोजायचे मात्र एककांत. कंसातल्या चिन्हाविषयी इतकेच सांगतो, की शिरोबिंदूचा क्ष-निर्देशक −३ असेल तर कंसात क्ष + ३ येते.

समीकरणासाठी मुळेच (वक्र क्ष-अक्षाला छेदतो तिथल्या क्ष च्या किमती) हवीत, हा हट्टही सोडावा. त्या आलेखात वक्र क्ष-अक्षाला १ ± √२ येथे छेदतो. तिथे अंदाजाने २.४ आणि −०.४ वाचून गुणाकाराचे रूप मांडणाऱ्याचे समीकरण पुढे प्रत्येक पायरीला थोडे थोडे चुकत जाते. रेषांच्या छेदावर नेमके बसणारे बिंदू निवडावेत, मग ते मुळे असोत वा नसोत. शिरोबिंदू स्पष्ट दिसत नसेल, तर समान उंचीवरच्या दोन बिंदूंच्या क्ष-निर्देशकांची सरासरी काढावी, म्हणजे सममिती-अक्ष मिळतो.

शंकुच्छेदाच्या प्रकरणातला य² = ४अ·क्ष हा आडवा अन्वस्त समोर आल्यास त्यावरून फ(२) वाचायला जाऊ नये; तिथली उभी रेषा वक्राला दोनदा छेदते, त्यामुळे य हे क्ष चे फलच राहत नाही.