कॅनीची लढाई टेबलावर मांडायची कशी

कॅनीचा नकाशा बहुतेकांनी पाहिलेला असतो: मध्ये लाल चौकोन, भोवती निळे बाण. त्यावरून रोमन सैन्य वेढलं गेलं एवढं कळतं. कसं वेढलं गेलं ते कळत नाही, कारण बाणाला ना रुंदी असते ना वेळ. रोमन पंचांगाप्रमाणे २ ऑगस्ट, इ.स.पू. २१६ या दिवशी दक्षिण इटलीत ऑफिडस नदीकाठी (आजची ओफांतो) रोमशी लढणाऱ्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने काय केलं ते समजून घ्यायचं तर माणसं आणि जागा दोन्ही मोजून मांडावी लागतात. त्याला एक मोकळी दुपार पुरते.

टेबल किमान चार फूट बाय अडीच फूट हवं. नसेल तर जमिनीवर चादर ताणून घाला. प्रमाण ठेवा १ सेंमी म्हणजे २० मीटर. घरात पडून असलेल्या जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, कारण जाड कागद सरकवताना दुमडत नाही. गणपतीचं चित्र असलेला भाग तेवढा बाजूला काढून ठेवा. पायदळाची पट्टी ४.५ सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद कापा. ही एक पट्टी म्हणजे ५०० माणसं: शेजारी शेजारी १०० आणि एकामागे एक ५ रांगा. ढाल-तलवारीच्या सैनिकाला साधारण तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर रुंदी धरली की शंभर जणांचे ९० मीटर होतात, म्हणजे बरोबर साडेचार सेंमी. घोडदळासाठी ४ बाय २ सेंमीचे तुकडे करा. त्यातही प्रत्येकी ५०० स्वार, पण घोड्याला जागा जास्त लागते.

आता मोजणी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने रोमनांचं पायदळ ८०,००० आणि घोडदळ ६,००० च्या थोडं वर होतं. इथेच पहिली चूक होते. सगळे ८०,००० मैदानात मांडायचे नाहीत. हॅनिबलची छावणी घेण्यासाठी १०,००० जण रोमनांच्या मोठ्या छावणीत मागे ठेवले होते. उरले ७०,०००. त्यातले अंदाजे १५,००० हलके भालाफेके धरा. त्यांच्यासाठी मुगाचे ३० दाणे (एक दाणा ५०० चा). राहिलेल्या ५५,००० साठी ११० लाल पट्ट्या. घोडदळाचे तुकडे १२: उजव्या बगलेवर रोमन नागरिकांचे ५, डाव्या बगलेवर मित्रराज्यांचे ७.

हॅनिबलचं पायदळ ४०,००० आणि घोडदळ १०,०००. हे आकडे प्राचीन आहेत. आतली वाटणी मात्र आजच्या अभ्यासकांच्या अंदाजांवरून करावी लागते. आपण हलके सैनिक ८,००० (मसुरीचे १६ दाणे), गॉल (उत्तर इटलीतले केल्टिक लोक) आणि स्पॅनिश २२,००० (४४ पिवळ्या पट्ट्या), लिबियन १०,००० (२० पट्ट्या) असं धरू. जड घोडदळाचे १३ तुकडे, न्युमिडियन (उत्तर आफ्रिकेतल्या) स्वारांचे ७. लिबियनांच्या पट्ट्या रोमनांसारख्याच लाल कागदातून कापा आणि ओळखीपुरती एक काळी रेघ मारा. त्याआधीच्या ट्रेबिया आणि ट्रॅसिमीनच्या लढायांत लुटलेली रोमन शस्त्रं आणि चिलखतं त्यांच्या अंगावर होती. टेबलावर क्षणभर तुमचाही गोंधळ होईल, आणि तो व्हायलाच हवा.

नदी टेबलाच्या एका आखूड कडेला निळ्या दोऱ्याने दाखवा. रोमन दक्षिणेकडे तोंड करून उभे होते आणि नदी त्यांच्या उजव्या हाताला होती. नदीलगत त्यांच्या उजव्या घोडदळाचे पाच तुकडे लावा, पुढे तीन, मागे दोन. शेजारी ११० पट्ट्यांचा ठोकळा: ११ स्तंभ, प्रत्येकात एकामागे एक १० पट्ट्या. रुंदी ४९.५ सेंमी, खोली ५ सेंमी. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरची आघाडी आणि पन्नास रांगा. पलीकडे मित्रराज्यांचे सात तुकडे. मूग सगळ्यांच्या पुढे पसरा.

या ठोकळ्यापाशी थोडं थांबा. रोमन सैन्य एरवी तुकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवून तीन फळ्यांत लढायचं. सवयीने तशीच मांडणी करायला हात जातो आणि मग पुढचं काहीच जुळत नाही. त्या दिवशी तुकड्या नेहमीपेक्षा दाट उभ्या केल्या आणि प्रत्येक तुकडीची खोली तिच्या रुंदीच्या कितीतरी पट ठेवली, असं पॉलिबियस स्पष्ट लिहितो. समोरची फळी वजनाने फोडायची हा बेत होता, आणि बेत म्हणून तो वेडगळ नव्हता. नवख्या भरतीचे लोक खोल रांगांत सहजासहजी पळत नाहीत, कारण पळायला मागे वाटच नसते. आता हिशेब करा. ठोकळ्याचा परीघ सुमारे २,१८० मीटर. ०.९ ने भागा, कडेला साधारण २,४०० माणसं येतात. चारही बाजूंनी घेरलं तरी ५५,००० पैकी एका वेळी शंभरातले चार-पाचच जण तलवार चालवू शकतात. बाकीचे ढकलतात आणि वाट बघतात.

हॅनिबलची बाजू समोर, सुमारे १० सेंमीवर. ४४ पिवळ्या पट्ट्यांचे ११ स्तंभ, खोली फक्त ४ पट्ट्या. रुंदी रोमनांइतकीच, पण पन्नासऐवजी वीसच रांगा. मधला सहावा स्तंभ रोमनांच्या दिशेने ४ सेंमी पुढे सरकवा. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्तंभ क्रमाने ३.५, २.५, १.५ आणि अर्धा सेंमी पुढे आणा. टोकाचे दोन जागेवर राहू द्या. चंद्रकोर तयार झाली. दोन्ही टोकांच्या बाहेर लिबियनांच्या १०-१० पट्ट्या उभ्या लावा: लांबीत दोन, शेजारी शेजारी पाच. त्यांचं पुढचं टोक चंद्रकोरीच्या टोकाशी जुळवा आणि बाकी लांबी मागे जाऊ द्या. नदीकडे हॅनिबलचा सरदार हॅस्ड्रुबल याचं जड घोडदळ, तीन-तीनच्या ओळींत. दुसऱ्या टोकाला न्युमिडियन, विरळ पसरलेले. हा हॅस्ड्रुबल म्हणजे हॅनिबलचा भाऊ नव्हे, तो त्या वेळी स्पेनमध्ये होता. ही गल्लत फार ठिकाणी दिसते.

आता चाली. मूग आणि मसूर एकमेकांना भिडवा आणि मागे घ्या. हलक्या सैनिकांच्या चकमकीत कोणाचीच सरशी झाली नाही. मग नदीकडचे स्वार. नदी आणि पायदळ यांच्यामध्ये जागा इतकी अरुंद की घोडे वळवून पुन्हा हल्ला चढवायला वावच नव्हता. लोक घोड्यावरून उतरून हातघाईवर आले. १३ विरुद्ध ५. रोमनांचे पाचही तुकडे उचला. उजव्या बगलेवरचा कॉन्सल (त्या वर्षीच्या दोन रोमन सरसेनापतींपैकी एक) पॉलस इथून निसटून मधल्या पायदळात गेला आणि तिथेच मारला गेला.

पायदळ भिडलं की प्रत्येक चालीत मधला पिवळा स्तंभ १ सेंमी मागे घ्या आणि शेजारचे त्याच्या मागोमाग. लाल ठोकळा त्यांना चिकटूनच पुढे सरकला पाहिजे. चार चालींत कोर सपाट होते, आठव्या चालीपर्यंत उलटी, खोलगट. याच वेळी रोमनांचे टोकाचे दोन स्तंभ उचलून आतल्या स्तंभांच्या मागे ठेवा, कारण पुढे जाणारं पायदळ मध्याकडे गोळा होत गेलं. रुंदी ४९.५ वरून ४०.५ सेंमीवर येते.

लिबियनांना हलवू नका. पुढे आणू नका, गोल फिरवू नका. मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. ठोकळा दोन लिबियन स्तंभांच्या मध्ये शिरला की ते जागच्या जागी आत तोंड करून वळतात. ज्या पट्ट्या उभ्या दिसत होत्या त्याच आता २०० माणसांची आघाडी आणि २५ रांगा होऊन रोमनांच्या बगलेवर चालून येतात. सरावलेल्या पायदळाला असं वळायला फारसा वेळ लागत नाही. धुळीत, दाटीत पुढे रेटणाऱ्या रोमनाला बगलेकडे तोंड करून फळी बांधायला मात्र फार लागतो.

एवढ्यात हॅस्ड्रुबलचे १३ तुकडे रोमन ठोकळ्याच्या मागून दुसऱ्या बगलेकडे न्या. न्युमिडियनांनी मित्रराज्यांच्या घोडदळाला गुंतवून ठेवलं होतं. हॅस्ड्रुबल येताना दिसला आणि ते सातही तुकडे पळाले. दुसरा कॉन्सल वॅरो त्यांच्याबरोबर होता. तो थोड्या स्वारांसह व्हेनुसिया या गावी पोचला. हॅस्ड्रुबलने पाठलाग न्युमिडियनांवर सोडला आणि स्वतः रोमनांच्या पिछाडीवर ठिकठिकाणी तुटून पडला. लढाईचा निकाल इथे लागला असं आमचं मत आहे. सगळ्या चालींत ही सर्वात अवघड, कारण जिंकलेल्या घोडदळाला पाठलागापासून परत फिरवणं भल्याभल्या सेनापतींना जमलेलं नाही.

खात्री करायची असेल तर मांडणी पुन्हा लावा आणि हॅस्ड्रुबलला तीन चाली उशिरा आणा. पिवळी फळी अकराव्या चालीपर्यंत तशीच मागे जात राहील आणि वीस रांगांची ती फळी कुठेतरी फाटेल. एकदा लाल पट्ट्या तिच्यातून पलीकडे निघाल्या की लिबियनांच्या दोन तुकड्या एकमेकींपासून तुटतात. पुढच्या खेपेला फळी दर चालीत १ ऐवजी २ सेंमी मागे घ्या: कोर चौथ्या चालीतच खोलगट होते, तोवर घोडदळ नदीवरच असतं.

शेवटी पट्ट्या उचला. मेलेल्या रोमनांचा आकडा पॉलिबियस सुमारे ७०,००० देतो, रोमन इतिहासकार लिव्ही ४५,५०० पायदळ आणि २,७०० स्वार. लिव्हीचा आकडा जास्त पटण्यासारखा आहे. त्याप्रमाणे लाल बाजूच्या ९१ पट्ट्या एकेक करून काढा, मूठभर एकदम नको. हॅनिबलची हानी पॉलिबियसप्रमाणे ४,००० गॉल, १,५०० स्पॅनिश आणि लिबियन, २०० स्वार. म्हणजे पायदळाच्या ११ पट्ट्या, आणि त्यातल्या निदान ८ मधल्या पिवळ्या फळीतून.