ड्राइव्ह ‘अंडरव्होल्टेज’ दाखवतोय? आधी विचारा, कधी

भोसरी-चाकणकडे मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या मुलांचं एक ठरलेलं असतं. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, ‘अंडरव्होल्टेज’ आला की बंद मशीनवर इनपुटला मीटर लावायचा, ४१५ व्होल्ट बघायचे आणि सांगायचं, ‘सप्लाय ओके, ड्राइव्ह गेला.’ हा निकाल घाईचा आहे. ड्राइव्ह तक्रार करतोय ती आतल्या डीसी बसची, म्हणजे आलेल्या एसीचा डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठतो त्या भागाची. इनपुटला ४१५ असताना ही बस साधारण ५६० ते ५८५ व्होल्टवर असते. ठरलेल्या मर्यादेखाली घसरली की ट्रिप.

त्यामुळे मीटर काढण्याआधी ऑपरेटरला विचारा, फॉल्ट नेमका कधी येतो? शेजारचा मोठा कॉम्प्रेसर सुरू होताना येत असेल तर लाइनमधला डिप (व्होल्टेजची क्षणिक घसरण) शोधा. शिफ्ट सुटतानाच नोंद पडत असेल तर बहुधा कोणीतरी मशीन चालू असतानाच मेन पाडतंय; ड्राइव्हला हात लावायची गरज नाही.

लोड आल्यावरच येत असेल तर खरं काम सुरू होतं. एक फेज गेलेली असली तरी बिनलोडवर बस जवळपास पूर्ण दिसते, म्हणून मोजमाप लोडवरच हवं. सीनियरला सोबत घेऊन, योग्य रेटिंगच्या मीटरने, कॉन्टॅक्टरच्या (लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) प्रत्येक पोलवर, वरच्या टर्मिनलपासून त्याच पोलच्या खालच्या टर्मिनलपर्यंत व्होल्टेज मोजा. चांगल्या कॉन्टॅक्टवर ते नगण्य असतं. एकाच पोलवर काही व्होल्ट दिसले तर तो कॉन्टॅक्ट जळालाय किंवा लग (वायरच्या टोकाचा जोड) सैल आहे. फ्यूजही असेच तपासायचे.

भोसरीतल्या एका ब्लोअरवर मात्र तिन्ही फेज लोडवरही चोख होत्या. उभ्या मशीनवर बस ५६०. रन दिला की वेग घेता घेता कोसळायची. पॉवर दिल्यावर कपॅसिटर आधी प्री-चार्ज रेझिस्टरमधून भरतात, मग रिले त्याला बायपास करतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. इथे तो येतच नव्हता. रिलेची कॉइल ओपन होती, म्हणून मोटरचा सगळा करंट त्या रेझिस्टरमधून जात होता. रिले बदलला, ब्लोअर चालला. अख्खा ड्राइव्ह बदलायचा खर्च वाचला, याचा मला आजही आनंद आहे. मोठ्या ड्राइव्हमध्ये रिलेऐवजी बऱ्याचदा थायरिस्टर (आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, तिथे आवाजाची वाट बघू नका.

कव्हर उघडायच्या आधी मेन बंद करून लॉक लावा, मॅन्युअलमध्ये लिहिलेला डिस्चार्जचा वेळ पूर्ण थांबा आणि डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले असं मुळीच नाही.

पुन्हा पुन्हा पॉवर बंद-चालू करून रिसेट करू नका, प्री-चार्ज रेझिस्टर तापून जातो. उलट फॉल्ट हिस्टरीत ट्रिपच्या क्षणीची बस, करंट आणि फ्रिक्वेन्सी मिळत असेल तर ती आधी लिहून घ्या. लग मात्र गुरुवारच्या शटडाउनमध्ये टॉर्क रेंचनेच आवळा.